भांडुपच्या गाळ्यात 'सेव्हन': प्रकल्प नोंदी

वहीतल्या नोंदी आहेत तशाच उतरवतोय, फक्त शिव्या काढून टाकल्यात. गाडी म्हणजे १९५७ साली आलेल्या लोटस सेव्हन या दोन सीटांच्या, बिनदाराच्या इंग्लिश गाडीची नक्कल. इंजिन आणि गिअरबॉक्स प्रीमियर ११८ एनईचे, मागचा ॲक्सल पद्मिनीचा, बाकी सगळं हातानं. जागा भांडुप पश्चिमेला, मामांचा बंद पडलेला लेथचा गाळा. मामा कुर्ल्याच्या मोटार कारखान्यात टर्नर होते, आता ७१ वर्षांचे आहेत. मी दादरला एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन आहे. म्हणजे रेषा सरळ काढणं आणि मापं नीट लिहिणं हा माझा रोजचा धंदा. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवा.

५ नोव्हेंबर २०२३, रविवार

भिवंडीच्या एका गोडाऊनमधून अर्धवट सोडलेला प्रकल्प विकत घेतला. चासी (म्हणजे गाडीचा पाइपांचा सांगाडा), इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, फायबरचं नाक, दोन सीटा आणि नटबोल्टांनी भरलेले तीन तेलाचे डबे. सगळे मिळून १,३५,०००. यातले ३५,००० 'कागदांचे'. विकणारा म्हणाला, पद्मिनीचं आरसी बुक आहे, नंबर आहे, रस्त्यावर बिनधास्त फिरवा.

इंजिन बघूनच भुललो. मूळ सेव्हनला फोर्डचं ११७२ सीसीचं साइडव्हॉल्व्ह इंजिन होतं, ११८ एनईतलं निसानचं १,१७१ सीसीचं आहे. एका सीसीचा फरक! यापेक्षा मोठा शुभशकुन मला सुचला नाही. शिवाय या गिअरबॉक्सला गिअर खाली फरशीवर असतो. पद्मिनीचा स्टिअरिंगवरचा दांडा या गाडीत बसवायचा म्हणजे वेगळं प्रकरण झालं असतं.

बघायला गेलो संध्याकाळी सात वाजता, एका ट्यूबलाइटच्या उजेडात. चासी नुकती काळी रंगवलेली, चकाचक. छोटा हत्ती करून आणली, ४,५०० भाडं. मामांनी शटर उघडलं, गाडीभोवती एक फेरी मारली आणि दोनच प्रश्न विचारले.

"फीता नेला होतास?"

"नाही."

"जुन्या कामावर नवा रंग कशाला मारतात, ठाऊक आहे?"

उत्तराची वाट न बघता ते चहा सांगायला गेले.

१९ नोव्हेंबर

दिवाळी गेली. आज मापं घेतली. पुढच्या डाव्या कोपऱ्यातून मागचा उजवा, पुढच्या उजव्यातून मागचा डावा. चासी चौकोनात असेल तर दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. फरक आला १९ मिलिमीटर. मामांच्या भाषेत सहा सूत. गवंडी वापरतात तशी पाण्याची नळी लावून पातळी पाहिली, तर पुढचा एक कोपरा वर. म्हणजे चासी नुसती तिरकी नव्हती, पिळलेलीही होती.

मामांनी स्क्रू ड्रायव्हरनं रंग खरवडला. सहा सांध्यांत पुट्टी, एका सांध्यात चक्क एम-सील. त्या सांध्याला वेल्डिंग फक्त वरच्या बाजूला होतं.

कारण सरळ आहे. ज्यानं केलं त्यानं एक बाजू पूर्ण वेल्ड केली आणि मग दुसरी घेतली. वेल्ड थंड होताना धातू ओढला जातो, सगळी ओढ एकाच बाजूला गेली की पातळ पाइप नमतो.

१७ डिसेंबर

चार रविवार वाया. गॅसनं तापवून, जॅक लावून, साखळीनं ओढून चासी सरळ करायचा प्रयत्न केला. कर्णांचा फरक चार मिलिमीटरवर आला, पण पीळ वाढला. नंतर पीळ काढला तर फरक परत अकरावर. मामा दुसऱ्याच रविवारी म्हणाले होते, "भाच्या, हिला भंगारात घाल." मी ऐकलं नाही, कारण तिचे पैसे मोजले होते. आज ऐकलं. भंगारवाल्यानं १,९०० दिले.

आजपासून गाडीत विकत घेतलेलं म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, सीटा आणि नाक. नाकाचं पुढे येईलच.

२२ डिसेंबर, शुक्रवार (अर्धी रजा)

कागदांचा निकाल. आरसी १९८७ च्या पद्मिनीचं, सलून, भलत्याच माणसाच्या नावावर. विकणारा फोन उचलत नाही.

जे या वाटेनं जाणार आहेत त्यांच्यासाठी स्पष्ट लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी फेरफार गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यावर शिक्कामोर्तब केलं. चार दारांच्या पद्मिनीच्या आरसीवर दार नसलेली दोन सीटांची गाडी बसत नाही, बस्स. नवी गाडी म्हणून नोंदवायची तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ते कारखान्यांचं काम, एका गाळ्याचं नाही.

बाहेर एक एजंट भेटला. "होऊन जाईल साहेब, नंबर तर आहेच ना." आहे, पण तो दुसऱ्या गाडीचा आहे. उद्या कुणाला धक्का लागला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल. नमस्कार करून निघालो.

ठरलं: ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर जाणार नाही. मावसभावाची कर्जतला वाडी आहे, आत त्यांचा स्वतःचा काँक्रीटचा पट्टा आहे, तिथेच चालवायची. ३५,००० पाण्यात. बायकोला आकडा आज सांगितला. ती म्हणाली, "बरं झालं, आता रस्त्यावर तरी मरणार नाहीस."

१४ जानेवारी २०२४

संक्रांत उद्या. तिळगुळाचे पैसेही पाइपात घातले.

नव्या चासीसाठी २५ मिमी चौकोनी पाइप, १.६ मिमी जाडीचा, म्हणजे १६ गेज. या जातीच्या घरगुती गाड्या जगभर याच पाइपात करतात. आठ लांब्या आणल्या, सहा-सहा मीटरच्या. घरी येऊन कापला, जाडी मोजायला व्हर्नियर लावला: १.२. दुकानदार म्हणतो, "सगळे हाच नेतात." ग्रिलवाले नेत असतील.

वजनावरून ओळखा. १.६ ची सहा मीटरची लांबी सात किलोच्या जवळपास भरते, १.२ ची सव्वापाचच्या आसपास. दुकानात काटा असतोच, एक लांबी चढवायला सांगा. दुसऱ्या दुकानातून बरोबर माल ५५ किलो, ४,३०० रुपये. चुकीचा माल परत घेतला नाही. त्याचा मामांनी गाळ्यात माळा केला. त्या माळ्यानं पुढे माझं इंजिन वाचवलं, म्हणून तक्रार नाही.

११ फेब्रुवारी

चासी बांधायला सपाट जागा लागते. गाळ्याची फरशी मोरीकडे उतरती आहे, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो आणि तरी विसरलो. लोखंडी घोड्यांवर १८ मिमी प्लायचं टेबल केलं, पाण्याच्या नळीनं चारही कोपरे जुळवले, ६,२०० खर्च. टेबलावर पेन्सिलनं पूर्ण आकाराचं चित्र काढलं. हे काम मला जमतं. दोन संध्याकाळी गेल्या आणि सगळ्या प्रकल्पात हीच दोन कामं पहिल्या फटक्यात बरोबर झाली.

वेल्डर साकीनाक्याचा, सीओटू मशीन घेऊन येतो, दिवसाचे १,६००. साध्या काडीच्या वेल्डिंगनं १.६ च्या पाइपाला भोकं पडतात, त्यात पैसे वाचवू नका. पद्धत मामांची: आधी सगळीकडे नुसते टाके. मग गुण्या, मग कर्ण, मग परत गुण्या. पक्कं वेल्डिंग एका वेळी बोटाएवढं, लगेच समोरच्या बाजूला तेवढंच. वेल्डर वैतागला. "ऐसे तो महिना लगेगा चाचा." मामा म्हणाले, "लगने दे, पैसा इसका जा रहा है."

नऊ दिवस लागले. टेबलावरून उतरवल्यावर कर्णांचा फरक दीड मिलिमीटर. मामांनी काही म्हटलं नाही, चहा मात्र त्यांनी पाजला.

१० मार्च

इंजिन बसवून पाहिलं. तेलाचं चेंबर चासीच्या खालच्या पाइपापेक्षा ५५ मिमी खाली लोंबतं. सेव्हन इतकी बुटकी गाडी की कर्जतच्या वाडीतला एक दगड आणि इंजिन खलास.

इंजिन वर उचलावं तर कार्बोरेटर बॉनेटच्या वर येतो. मग चेंबरच कापलं. खालून ६० मिमी काढलं आणि तेलाची जागा भरून यावी म्हणून दोन्ही बाजूंना कप्पे वाढवले. आतली जाळीची नळीही तेवढीच आखूड केली. हे विसरलात तर नळीचं तोंड तळाला टेकतं आणि इंजिनाला तेल मिळत नाही.

पहिल्यांदा जोडल्यावर रात्रभरात खाली तेलाचा रुपयाएवढा डाग. भोक दिसेना. मामांची युक्ती: चेंबर काढून बाहेरून खडूची भुकटी पाण्यात कालवून फासली, वाळू दिली, आत रॉकेल ओतलं. दहा मिनिटांत पांढऱ्यावर दोन ठिकाणी ओले ठिपके उमटले. दोन्ही सुईच्या टोकाएवढे. रॉकेल हल्ली रेशनवरही दिसत नाही, मामांकडे कुठल्या काळातलं होतं देव जाणे. काम झाल्यावर चेंबर नीट धुऊन, पार कोरडं करूनच पुन्हा वेल्डरकडे द्या.

१४ एप्रिल

पुढचे आर्म, म्हणजे पुढची चाकं चासीला धरून ठेवणारे हात. हब, ड्रम आणि किंगपिन पद्मिनीचे, आर्म पाइपाचे नवे. कुर्ल्याला सीएसटी रोडवर हब शोधायला गेलो. गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून बाद झाली. तेव्हापासून भंगारवाल्यांच्या तोंडी एकच शब्द: "अँटिक है साहब." ज्या हबला कुत्रं विचारत नव्हतं त्याचे जोडीला ५,५०० मागितले. ३,८०० ला दिले.

आजची चूक माझी एकट्याची. आर्मच्या टोकाला रबरी बुश आधीच ठोकून बसवले आणि मग ब्रॅकेट वेल्ड करायला दिलं. बुशांतून धूर. आठपैकी पाच वितळले, १,१०० गेले. आधी वेल्ड, मग बुश. वेल्डर बघत होता. म्हणाला, "मुझे लगा आपको मालूम होगा."

१२ मे

प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची फिरकी मागच्या ॲक्सलला नेणारा दांडा. पुढचं टोक ११८ एनईच्या गिअरबॉक्सचं, मागचा फ्लँज पद्मिनीचा, मधला पाइप नव्यानं घालून बॅलन्स करून मिळतो. ४,२०० दिले. घरी आणून बसवला, छान बसला. मग गाडी घोड्यांवरून खाली चाकांवर आणली आणि शाफ्टचं पुढचं टोक गिअरबॉक्सच्या आत जाऊन खाडकन टेकलं. पुढे सरकायला जागाच नाही.

मी माप घेतलं होतं ॲक्सल लोंबकळत असताना. गाडीचं वजन चाकांवर आलं की ॲक्सल वर येतो आणि दोन टोकांमधलं अंतर बदलतं. माप घ्यायचं ते गाडी चाकांवर उभी असताना, दोन्ही सीटांवर सिमेंटच्या गोणी ठेवून, आणि त्यातही सरकायला एक इंच सोडून. दुसरा शाफ्ट ४,६००. दुकानदारानं जुना पाइप ठेवून घेतला आणि विचारलं, "आप इंजिनियर हो क्या?" नाही म्हटल्यावर त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं.

ब्रेक याच आठवड्यात. चारही ड्रम, सिलिंडर जुनेच, वॉशर किट नवं. पेडलला जोडलेला मास्टर सिलिंडर मात्र दोन सर्किटचा घेतला. एक नळी फुटली तरी निदान दोन चाकं थांबावीत. मोठ्या व्हॅनचा मिळाला, मजबूत म्हणून घेतला. पेडल दगडासारखं! पाय लावून मागे रेललो तरी चाक हातानं फिरतंय. मजबुतीचा इथे संबंध नाही. सिलिंडरचं बोअर, म्हणजे आतला व्यास, मोठं असेल तर तेवढाच जोर जास्त जागेवर पसरतो आणि नळीतला दाब कमी होतो. लहान बोअरचा आणला, पेडल जरा खोल जातं पण चाक थांबतं. २,९०० चा व्हॅनवाला कपाटात आहे, कुणाला हवा असेल तर घेऊन जा.

९ जून

इंजिनाचं काम बाहेर दिलं होतं. रिंगा, बेअरिंगा, हेडचं फेसिंग, पॅकिंग मिळून ३१,०००. परत आलं, माळ्यावर चढवलं. पाऊस सुरू. खास काही नाही.

८ जुलै, सोमवार

रात्री एक ते सकाळी सात, या सहा तासांत मुंबईत काही ठिकाणी तीनशे मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. भांडुपला रुळांवर पाणी, लोकल ठप्प. मुलुंडहून एलबीएस मार्गानं चालत गेलो. शटर वर केलं तेव्हा पाणी पोटरीपर्यंत उतरलं होतं, भिंतीवरची खूण गुडघ्याच्या वर.

इंजिन माळ्यावर, वाचलं. चासी घोड्यांवर होती, पण घोडे बुटके, खालचे पाइप बुडाले. ॲक्सल जमिनीवर. पुढचे ड्रम आणि हब प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये, तेही जमिनीवर. फायबरची मॅट, दोन डबे रेझीन, ग्राइंडर, ड्रिल, बॅटरी चार्जर सगळं पाण्यात.

नंतरचे तीन दिवस:

ॲक्सलमधलं तेल काढलं तर लस्सी. तीनदा नवं तेल भरून, हातानं फिरवून, काढलं. चौथ्यांदा स्वच्छ आलं.

चासीच्या खालच्या पाइपांची मागची टोकं मी उघडीच ठेवली होती, 'नंतर बंद करू' म्हणून. त्यातून पाणी आत गेलं. एका बाजूनं जॅक लावून गाडी उचलली तर पिचकारी. खालून ५ मिमीची भोकं पाडून पाणी काढलं, दोन दिवस ब्लोअर लावला, आत तेल सोडलं, मग टोकं वेल्ड करून बंद. मुंबईत उघडा पाइप एक रात्रही ठेवू नये.

ड्रम आणि हब नळाखाली धुतले, पुसले, ठेवून दिले.

नुकसान १८,००० च्या आसपास. मामांच्या जुन्या लेथच्या मोटरचं धरलं नाही. ते म्हणाले, "ती २००५ लाच गेली होती."

१८ ऑगस्ट

नाक. मूळ गाडीतही १९६० च्या दुसऱ्या मालिकेपासून नाक फायबरचंच, त्यामुळे इथे नक्कल प्रामाणिक आहे. पण विकत आलेलं नाक त्या वाकड्या चासीवर बेतलेलं होतं. नवी चासी सरळ, म्हणून पुढून १८ मिमी रुंद. वाकड्या चासीचा शेवटचा वारसा म्हणायचा.

मधोमध उभं कापलं, फाकवलं, मध्ये पट्टी घालायची ठरवली. लालबागचा एक फायबरवाला ओळखीचा आहे, फोन केला. "दादा, गणपती सात तारखेला. अनंत चतुर्दशीच्या आत माझ्याकडे मान वर करायला वेळ नाही." बरोबरच आहे, चूक माझी. भाद्रपदाच्या तोंडावर लालबागमध्ये कोण मोकळा असतो?

स्वतः केलं. पहिल्या मगात रेझीन घट्ट करणारा हार्डनर अंदाजानं घातला. किलोला दहा ते वीस मिली पुरतं, मी बहुतेक त्याच्या चौपट ओतला. चार मिनिटांत मगातून धूर, मग वितळला, रेझीनचा तडकलेला दगड उरला. दुसऱ्यांदा मोजून घातलं, पट्टी बसली. वरून जेलकोट, म्हणजे रेझीनचा बाहेरचा गुळगुळीत थर, लावला. तो वाळेना. दुसऱ्या दिवशी चिकट, तिसऱ्या दिवशी चिकट, आठवड्यानं बोट लावलं तर बोटाचा ठसा. पावसाची हवा, दमटपणा असं म्हणत दोन आठवडे हॅलोजन लावून बसलो. विजेचं बिल पाहून मामांनी हॅलोजन काढून नेला.

एक ताकीद, ही गंमत नाही: कोबाल्ट (रेझीन लवकर वाळावं म्हणून घालतात तो) आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझीनमध्ये पूर्ण ढवळायचा, हार्डनर शेवटी.

२२ सप्टेंबर

विसर्जन झालं, फायबरवाला आला. ठशाकडे पाहून हसला. पाऊस थोडाफार असेल, पण खरं कारण वेगळं. जेलकोट साच्यात लावायचा असतो, तिथे त्याच्यावर मॅट बसते आणि हवा लागत नाही. उघड्यावर लावला तर वरचा थर वाळत नाही, त्यासाठी त्यात मेणाचं द्रावण घालावं लागतं. मेण वर तरंगून हवा अडवतं. त्यानं चिकट थर ॲसिटोननं पुसला, घासला, मेण घालून नवा मारला. चार तास, ३,५०० रुपये. माझे पाच आठवडे आणि ४,१०० चा माल.

१२ ऑक्टोबर, दसरा

काल खंडेनवमीला हत्यारांची पूजा केली: गुण्या, व्हर्नियर, मामांचा १९७४ चा मायक्रोमीटर आणि नव्यानं घेतलेला ग्राइंडर. आज इंजिन चालू करायचं.

सेल्फ फिरतोय, इंजिन घेत नाही. मग कार्बोरेटरमधून मागे फट्ट करून आवाज आणि वीतभर जाळ. झेंडूच्या हाराची दोन फुलं करपली. प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमानं बरोबर लावलेल्या, तीनदा मोजल्या. पुन्हा फट्ट.

मामांनी एक नंबरचा प्लग काढायला लावला, भोकावर अंगठा ठेवायला सांगितला आणि पान्यानं इंजिन हळूहळू फिरवलं. "अंगठा ढकलला की सांग." ढकलला तेव्हा प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा रोटर चार नंबरकडे तोंड करून होता. पिस्टन वर आला एवढं पाहून मी डिस्ट्रिब्युटर बसवला होता, पण पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो, एकदा दाबायला आणि एकदा धूर बाहेर टाकायला. मी दुसरी वेळ पकडली होती. उचलून अर्धा फेरा फिरवला.

चौथ्या सेल्फला घेतलं. सायलेन्सर नाही, शेजारच्या गाळ्यातले तिघे धावत आले. मामांनी कानावरचे हात काढले नाहीत, पण जागचे हललेही नाहीत. दोन मिनिटं चालवून बंद केलं. सोनं वाटायला घरी गेलो तेव्हा पेट्रोलचा वास पाहून सासूबाईंनी आपट्याचं पान लांबूनच दिलं.

२४ नोव्हेंबर

ॲल्युमिनियमचा पत्रा. गुलालवाडीतून १.२ मिमी, १३,८०० चा. तिथे विचारतात मऊ की अर्धा कडक. मऊ घेऊ नका. वाकवायला सोपा वाटतो, पण नंतर कोपर टेकलं तरी खळगा पडतो. मागचा गोल भाग चार इंची पीव्हीसी पाइपावर दोघांनी दाबून वाकवला, उजवीकडे एक सुरकुती राहिली आहे. तिथे नंबराचा गोल स्टिकर येणार.

पत्रा थेट लोखंडावर रिव्हेट करू नका. खाऱ्या हवेत दोन धातू एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम पांढरं भुरभुरीत होऊन खाल्लं जातं. पाइपावर प्रायमर, रंग, त्यावर सीलंटची पट्टी, मग पत्रा. रिव्हेट दोन बोटं अंतरावर. सुमारे सव्वातीनशे रिव्हेट मारले, हाताच्या गनने. मनगट अजून दुखतं. पन्नासच्या पुढे मारायचे असतील तर हवेवरची गन भाड्यानं आणा.

वायरिंग, रंग, सीटा डिसेंबरात उरकल्या. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

२६ जानेवारी २०२५

टेम्पोनं कर्जत, येऊन-जाऊन ६,५००. वाटेत वजनकाट्यावर टेम्पो भरलेला आणि रिकामा दोन्ही तोलून घेतला: गाडी ५९० किलो. मूळ सेव्हन पाचशेच्या आसपास. पद्मिनीचा ॲक्सल आणि माझी 'असू दे जरा जाड' ही वृत्ती, दोन्हींचा त्यात वाटा आहे.

मावसभावाची मुलं म्हणाली, "काका, जोडायची पत्रिका कुठंय?" त्यांना वाटलं घरी जोडायचं खेळणं आहे. चूक नाही. इंग्लंडात ही गाडी सुट्या भागांत विकायचे, कारण तयार गाडीवर खरेदी कर लागायचा आणि सुट्या भागांवर नाही. पण जोडायची माहिती बरोबर दिली तर करवाले धरायचे. म्हणून गाडी कशी सुटी करायची हे लिहून द्यायचे, गिऱ्हाइकानं ते उलटं वाचायचं. भिवंडीवाल्यानं मला तेवढंही दिलं नव्हतं.

पट्ट्याच्या चौदा फेऱ्या मारल्या. दुसऱ्या गिअरमध्ये ओढ छान. बूड जमिनीपासून वीतभर, पंचेचाळीसचा वेग ऐंशीसारखा वाटतो. पाणी तापलं नाही, चेंबर कोरडं, शाफ्टचा आवाज नाही. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते, चांगलीच. तीस-पस्तीसच्या वर नेली नाही त्यानंतर.

मामांना बसवायचा प्रयत्न केला. एक पाय आत गेला, दुसरा गेला नाही. म्हणाले, "यापेक्षा पद्मिनीची डिकी ऐसपैस होती," आणि खुर्ची मागवून पट्ट्याच्या कडेला बसले. चौदाही फेऱ्या मोजल्या त्यांनीच.

हिशेब आजपर्यंत ३,६८,०००, गाळ्याचं भाडं न धरता. यात कागद, दोनदा केलेली कामं आणि पूर मिळून ऐंशी हजारांच्या आसपास नुसते गेले.

२ फेब्रुवारी

डावीकडे ओढते म्हणजे उजवा कमी धरतोय. उजवा पुढचा ड्रम उघडला. ब्रेक सिलिंडरचा एक पिस्टन गंजून जाम, दुसरा कसाबसा हलतोय. रबरी टोपीमागे बारीक करडा गाळ साचलेला, वाळून पापुद्रा झालेला. आठ जुलैचा. नळाखाली धुतले, पुसले, ठेवून दिले असं लिहिलंय वर, पण सिलिंडर उघडले नव्हते.

डावाही उघडतोय. दोन्ही नवे, ६५० ला एक. कुर्ल्यात 'अँटिक' म्हणून नऊशे सांगताहेत.